टोपली रिकामी, काम चालू

पडद्यावर ओळ उमटली : ‘शोध पूर्ण. सापडलेल्या फाइली : शून्य.’

खटखटबाईंनी कळफलकावरचे बोट अजून पुरते उचललेही नव्हते.

शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, मांडीवरची पाटी जवळ ओढली आणि लिहिले, ‘झालं? खुर्ची गरम व्हायच्या आत?’

“तेच कळत नाहीये,” बाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा तीच ओळ, तितक्याच झटक्यात. कुणाला माळ्यावरून पातेले शोधून आण म्हणावे आणि त्याने जागचे न हलताच ‘नाहीये’ म्हणून सांगावे, तसा प्रकार.

‘तुझ्यावरच गेलाय हा प्रोग्राम,’ ताईने लिहिले. ‘लहानपणी तूही अशीच शोधायचीस.’

एरवी बाई खळखळून हसल्या असत्या. आज त्यांनी पाटीकडे धड पाहिलेही नाही. कारण संगणकाला त्या जे शोधायला सांगत होत्या, तो होता ताईचा आवाज.

शाळा होती न दिसणाऱ्या मुलांची. बाई तिथे संगणक शिकवत. त्याआधी टंकलेखन शिकवत, तेव्हापासून मुलांनी त्यांचे नाव ‘खटखटबाई’ ठेवले होते आणि ते त्यांना इतके चिकटले होते की मुख्याध्यापिकाही चुकून तीच हाक मारत. ताई मात्र शाळेच्या नोकरीत कधीच नव्हती. सकाळी ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि दुपारी शाळेत येऊन मुलांना पुस्तके वाचून दाखवायची. पैसे नाहीत, हजेरी नाही, नुसती हौस. जिन्याखालच्या एका खोलीत भिंतींना जाड पांघरुणे ठोकून शाळेने तिच्यासाठी ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. तिथे बसून तिने पुस्तकांमागून पुस्तके वाचली. वाचायला सुरुवात करण्याआधी, समोर मुले असोत की नुसता मायक्रोफोन, ती एकच वाक्य म्हणायची, “पाठ ताठ, कान मोकळे. चला.” मग मुलांची काय बिशाद वाकून बसायची!

नंतर घसा बिघडला. आवाज आधी घोगरा झाला, मग चिरका, आणि शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकले. जीव वाचला, आवाज गेला.

घरात त्याने फारसे अडले नाही. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहत होत्या. एक बोलायची, दुसरी पाटीवर लिहायची, आणि पाटीवरचे टोमणे तोंडच्यांपेक्षा जास्त झोंबायचे. पण बरी झाल्यावर ताई पहिल्यांदा शाळेत गेली, वर्गाच्या दारात उभी राहिली आणि तिच्या लक्षात आले, की इथे पाटी कुणाला दाखवायची? मुलांचा गलका चालू होता. एकही मान वळली नाही. बाहेर पळत सुटलेला एक मुलगा तिच्यावर आदळला, “माफ करा हं, कोण आहे?” म्हणाला, उत्तराची वाट बघून निघून गेला. ठिपक्यांच्या लिपीत लिहून देता आले असते, पण ती लिपी ताई कधी शिकलीच नव्हती. तिचे सगळे काम तोंडानेच भागत आले होते.

त्या दिवशी घरी येऊन तिने पाटीवर लिहिले होते, ‘मी तिथे नव्हतेच, छोटे.’ त्यानंतर ती शाळेची पायरी चढली नव्हती. आज आली होती ती बाईंनी हाताला धरून आणले म्हणून, आणि तेसुद्धा संगणकाच्या खोलीपर्यंतच.

इस्पितळात एक तज्ज्ञ आला होता. त्याच्याकडे लहानसे यंत्र होते. त्यात अक्षरे टाइप केली की ते बोलायचे, आणि माणसाचे जुने, स्वच्छ वाचन भरपूर मिळाले तर ते त्याच माणसाच्या आवाजात बोलायचे. नाहीतर यंत्रातला तयार आवाज होताच. ताईला तो ऐकवला तेव्हा तिने मान वाकडी करून ऐकला आणि लिहिले, ‘ही बाई बँकेतून बोलतेय. मला नको.’ पण नको म्हणून चालणार नव्हते. तज्ज्ञ आज संध्याकाळी परत जाणार होता आणि पुन्हा कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हते.

अलीकडच्या वर्षांतले ताईचे वाचन हाताशी होते, पण ते सगळे घोगरे. तरुणपणचा खणखणीत आवाज जुन्या साठ्यात होता. हा साठा पलीकडच्या इमारतीच्या तळघरातल्या एका मोठ्या यंत्रात पडून होता. मध्यंतरी शाळेने यंत्रणा बदलली, तेव्हा कुठले पुस्तक कुठे आहे हे सांगणारी सूची गेली आणि फायलींच्या नावांच्या जागी नुसते आकडे उरले. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर. एवढे मात्र बरे, की प्रत्येक ध्वनिफितीच्या शेजारी मजकुराची एक छोटी फाइल होती आणि तिच्यात वाचणाऱ्याचे नाव होते. म्हणजे एकेक फोल्डर उघडायचा, आतली प्रत्येक मजकुराची फाइल वाचायची, ताईचे नाव दिसले की टिपून घ्यायचे. सोपे काम. फक्त अफाट.

बाईंनी आदल्या दिवशीच एक साधा प्रोग्राम चालू करून दिला होता. तो कोपऱ्यातल्या संगणकावर अजून चालूच होता. बिचारा एक फाइल मागायचा, ती तळघरातून येईपर्यंत हात बांधून उभा राहायचा, मग दुसरी मागायचा. त्याचा सगळा जन्म वाट बघण्यात चालला होता. अख्ख्या रात्रीत त्याने साठ्याचा जेमतेम एक कोपरा पाहिला होता, आणि त्या कोपऱ्यात ताई नव्हती.

म्हणून बाईंनी दुसरा प्रोग्राम लिहिला. त्यात एकाच्या जागी आठ हात होते. संगणकवाले त्यांना वर्कर थ्रेड म्हणतात. एक जण फाइलीची वाट बघत उभा असेल तेव्हा बाकीचे सात काही बसून राहत नाहीत, ते आपापल्या फाइली मागून मोकळे होतात. मधोमध एक रांग. ज्याला काम हवे त्याने रांगेतला पुढचा फोल्डर उचलायचा, आतल्या फाइली वाचायच्या, आत आणखी फोल्डर मिळाले तर ते रांगेच्या शेवटी लावायचे, आणि पुन्हा रांगेशी यायचे. रांग संपली की काम संपले. बाईंनी प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून तपासली होती. आणि हा शहाणा म्हणत होता, शून्य.

‘तिथे काही नसेलच तर?’ ताईने लिहिले. या वेळी अक्षर जरा बारीक होते.

“आहे गं. हे बघ.” बाईंनी साठ्याचा पहिला फोल्डर हाताने उघडून दाखवला. आत फोल्डर होते. एकात शिरल्या, आतही होतेच. “माल आहे, हमालही आहेत. मग बिनसतंय कुठे?”

तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात आल्या. सगळ्या शाळेत त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणत. “अहो खटखट... अहो बाई, तुमचा तास सुरू झालाय. मुलांनी वर्ग डोक्यावर घेतलाय. मी घेतला असता हो, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.” मग ताईकडे वळून, “ताई, तुम्ही आलात! चला ना वर्गावर.”

ताईने पाटी उचललीही नाही. नुसती मान हलवली. नाही.

बाई वर्गात गेल्या. मुलांनी पावलांवरूनच ओळखले.

“बाई, आज पाय ओढताय,” वकील म्हणाला. हा पहिल्या बाकावरचा मुलगा प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा, म्हणून वकील.

“चपला जुन्या झाल्यात.”

“चपला त्याच आहेत. काल टकटक वाजत होत्या.”

न दिसणाऱ्या मुलांपासून काही लपवायचे म्हणजे मोठी पंचाईत. बाई टेबलाला टेकल्या आणि त्यांनी सरळ सगळे सांगून टाकले. ताईचा आवाज, तळघरातला साठा, आठ हात, आणि शून्य. मुले चिडीचूप झाली. ताई म्हटल्यावर ती नेहमीच चिडीचूप व्हायची.

“पण बाई, आठ जणांनी एकदम कसं शोधायचं?” मुंगीने विचारले. ही वर्गातली सर्वांत छोटी आणि सर्वांत चिवट. “एकमेकांच्या पायात नाही येत?”

“सांगून नाही कळणार. करूनच बघू या. हाताने केलेलं लक्षात राहतं.” बाईंच्या आवाजात जरा जीव आला. शिकवायला मिळाले की त्यांचे असेच व्हायचे. “आपण शाळेची घंटा लपवायची आणि तुम्ही तिला शोधायची. तुम्ही माझे वर्कर.”

त्या शाळेत एक पद्धत होती. प्रत्येक दाराला, कपाटाला आणि कपाटातल्या खणालाही खिळ्यावर एक लाकडी ठोकळा टांगलेला असे, आणि त्यावर ठिपक्यांत त्या जागेचे नाव. बाईंनी वर्गाच्या दाराशी टोपली ठेवली. नियम सांगितला : टोपलीतून एक ठोकळा घ्यायचा, त्या जागी जायचे, हाताने चाचपून घंटा शोधायची. त्या जागेच्या आत आणखी जागा असल्या, खोलीत कपाट, कपाटात खण, तर त्यांचे ठोकळे खिळ्यावरून काढून टोपलीत आणून टाकायचे. दुसऱ्यांनी ते घ्यायचे.

“आणि टोपलीत एका वेळी एकच हात. दोघांनी एकच ठोकळा ओढला तर मारामारी.”

“मुकादम मी,” वकील म्हणाला आणि टोपलीपाशी मांडी घालून बसला.

घंटा लपवायचे काम बाईंनी ताईला दिले. संगणकाच्या खोलीत जाऊन पितळी घंटा तिच्या हातात दिली. “कुणाला दिसणार नाहीस, कुणाशी बोलावं लागणार नाही. फक्त लपव.” ताईने घंटा वाजू नये म्हणून तिचा आतला लोळा बोटांनी घट्ट धरला, पायातल्या चपला काढल्या आणि मांजराच्या पावलांनी निघून गेली.

टोपलीत सुरुवातीला एकच ठोकळा होता : ‘शाळा’. तो उचलला ‘घाई’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलीने. या मुलीला चालता येते की नाही याबद्दल शाळेत दुमत होते. ती फक्त पळायची. ठोकळा घेऊन ती भिंतीला हात लावत सुसाट गेली.

पुढचा मुलगा आला. टोपलीत हात घातला, फिरवला. “काही नाहीये.” त्याच्यामागून मुंगी आली. तिनेही चाचपले. “रिकामी.” तिसरा आला, चौथा आला.

वकिलाने घसा खाकरला. “टोपली रिकामी आहे. त्याअर्थी शोध संपला. घंटा सापडली नाही. सगळ्यांनी आपापल्या जागी बसावं.”

आणि मुले खरोखरच कुरकुरत जागेवर जाऊन बसली.

“अरे, संपला कसा?” बाई कडाडल्या. “घाई अजून आत आहे ना! ती आता खोल्यांचे ठोकळे घेऊन येईल, तेव्हा टोपली भरेल. रिकामी टोपली म्हणजे काम संप...”

बाई थांबल्या.

“बाई?” मुंगी म्हणाली.

“रिकामी टोपली म्हणजे काम संपलं नव्हे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या, जणू कुणी त्यांनाच शिकवत होते. “अगं बाई गं. मी त्यांना हेच सांगून बसलेय. रांग रिकामी दिसली की घरी जा. पहिल्याने पहिला फोल्डर उचलला, तो अजून उघडतोय, तेवढ्यात बाकीच्या सातांनी रांग पाहिली, रिकामी, आणि चालते झाले. मुकादमानेही वही मिटली. अरे गाढवांनो, तो आत आहे ना अजून!”

“आम्ही?” वकिलाने विचारले.

“तुम्ही नाही रे राजा. मी. मी गाढव.”

वर्गात एकदम हशा पिकला. खुद्द बाईंनी स्वतःला गाढव म्हटले, ही गोष्ट पुढे कित्येक दिवस पुरणार होती.

नेमकी तेव्हा घाई धापा टाकत परत आली, दोन्ही हातांत ठोकळे. ते टोपलीत खडखडले आणि ती ओरडली, “सगळे बसलात काय? मी एकटी मरू का?”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “आता हे नीट करू. काम संपलं हे मुकादमाला कळायचं कसं? टोपलीकडे बघून कळत नाही, हे तर झालंच सिद्ध.”

मुले विचारात पडली. बाईंना उत्तर आता ठाऊक होते, पण त्या गप्प राहिल्या. दुसऱ्याला उत्तर सापडण्याची वाट बघणे हे त्यांच्या मते शिकवण्यातले निम्मे काम होते.

“बाहेर कोण कोण गेलंय ते मोजायचं,” मुंगी म्हणाली.

“कशावर मोजशील?”

“मण्यांवर!” मुलांकडे हिशेबासाठी मण्यांची चौकट होतीच. तिने ती वकिलाच्या हातात कोंबली. “ठोकळा टोपलीत पडला की एक मणी वर. ती जागा पुरी शोधून झाली की एक मणी खाली. सगळे मणी खाली असले तरच संपलं. टोपली रिकामी पण मणी वर, तर थांबायचं.”

“थांबायचं म्हणजे?” वकिलाने कायदा काढला.

“म्हणजे पळून जायचं नाही. टोपलीपाशी उभं राहायचं. कुणी ठोकळे आणले की तू हाक मारायची.”

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

डाव पुन्हा सुरू झाला. घाईने ‘शाळा’ घेतला, मुले टोपलीभोवती चुळबुळत उभी राहिली, एक मणी वर होता. ती परत आली आणि आल्या आल्या तिने सवयीने घाई केली : “माझं झालं, माझा मणी खाली!” वकिलाने मणी खाली ओढला, सगळे मणी खाली आले आणि तो गरजला, “शोध संपला!”

“अरे माझ्या हातात ठोकळे आहेत अजून!”

“मग आधी ते टाक ना टोपलीत!” मुंगी तिच्यावर खेकसली. “आधी नवे मणी वर, मग तुझा खाली. उलटं केलंस की मधेच सगळं शून्य होतं.”

“बरोब्बर,” बाई म्हणाल्या, आणि मनातल्या मनात त्याही ओळीवर खूण केली. ही चूक त्यांनी पुढच्या अर्ध्या तासात हमखास केली असती.

तिसऱ्यांदा मात्र शाळा दणाणली. ठोकळे येत होते, जात होते. मणी वर-खाली टकटकत होते. भोजनगृह, ग्रंथालय, खेळाचे कपाट, त्यातला वरचा खण, खालचा खण. “खेळाचं कपाट झालं!” “संगीताची खोली कुणी घेतली?” “मी, मी!” टोपली दोनदा रिकामी झाली, पण कुणी जागचे हलले नाही. मोठ्या बाई कार्यालयातून बाहेर आल्या, आपल्याच टेबलाच्या खणात एका मुलाचा हात बघून पुन्हा आत गेल्या.

संगीताची खोली मुंगीच्या वाट्याला आली होती. तिने पेटी चाचपली, तबल्यांची गादी चाचपली, मग भिंतीला लागून कपाटाकडे सरकली. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तिचा हात एका कापडाला लागला. ते हलले. मुंगी थबकली. तिने हळूच हात पुढे नेला. बाही, मनगट, आणि मनगटाखाली घट्ट मिटलेल्या मुठीत थंडगार पितळ.

घंटेबरोबर स्वतःच लपलेली ताई अंग चोरून उभी होती. आता ही विचारील, कोण आहे? आणि पाटी तर संगणकाच्या खोलीत राहिली होती. राहिली नसती तरी काय?

मुंगीने विचारलेच नाही. तिने तो हात आपल्या नाकाशी नेला. औषधांच्या दुकानाचा वास इतक्या वर्षांत ताईच्या बोटांत मुरला होता.

“ताई!” मुंगी किंचाळली. “ताई सापडली! अरे, ताई सापडली!”

ताईच्या तोंडून शब्द निघणे शक्य नव्हते. तिने लोळा सोडला आणि घंटा वाजवली. एकदा नाही. खांदा दुखेपर्यंत वाजवली. सगळी मुले आवाजाच्या दिशेने धावत आली, एकमेकांच्या पायात आली, पडली, उठली, आणि तिला येऊन बिलगली.

वर्गाच्या दाराशी वकील एकटाच बसून होता. “मणी अजून वर आहेत!” तो ओरडत होता. “कुणी येऊन खाली करा रे! काम असं अर्धवट टाकायचं नसतं!”

बाई तोवर संगणकाच्या खोलीत पोचल्या होत्या, आणि आज पहिल्यांदाच त्या पळत गेल्या होत्या.

बदल मोठा नव्हता. एक आकडा वाढवला : शिल्लक कामांचा. फोल्डर रांगेत लागला की आकडा एकाने वर. फोल्डर आतून पुरता पाहून झाला, त्यातले सगळे फोल्डर रांगेत लावून झाले, की मगच एकाने खाली. रांग रिकामी पण आकडा शून्य नाही, तर थांबायचे. कुणी नवे काम लावले की थांबलेल्यांना उठवायचे. आकडा शून्यावर आला की सगळ्यांना सुट्टी. बाईंनी ओळी तपासल्या, पुन्हा तपासल्या, आणि कळ दाबली.

काहीच घडले नाही.

पण ‘शोध पूर्ण’ ही ओळही आली नाही. शिल्लक कामांचा आकडा आधी रेंगाळला, मग झपाझप वाढू लागला. आठही हात कामाला लागले होते. कोपऱ्यातल्या संगणकावर कालचा एकटा प्रोग्राम हात बांधून उभाच होता. बाईंनी त्याला आपुलकीने बंद केले. दमला होता बिचारा.

ताई आत आली तेव्हा तिच्या पदराला मुंगी लटकली होती, आणि मुंगीच्या मागे सगळा वर्ग.

“काय झालं, बाई?”

“अजून काही नाही. मणी वर आहेत.”

सगळे थांबले. थांबणे ती मुले आताच शिकली होती. दुपार झाली. डबे तिथेच जमिनीवर उघडले गेले. बाई पडद्यासमोरून हलल्या नाहीत. आकडा वाढायचा थांबला, डुलला, उतरू लागला, आणि अजून एकही फाइल सापडली नव्हती. बाईंनी ताईकडे बघायचे टाळले.

मग पडद्यावर एक ओळ आली. लांबलचक वाट, आकड्यांनी भरलेली, आणि शेवटी ताईचे नाव.

पाठोपाठ दुसरी. तिसरी. मग ओळी अशा कोसळू लागल्या की वाचता येईनात. कुणीतरी ताईची सगळी पुस्तके एकाच खोल कोपऱ्यात रचून ठेवली होती, आणि आठही हात एकदम त्या कोपऱ्यात पोचले होते.

बाईंनी पहिली ध्वनिफीत लावली. आधी नुसती शांतता, जिन्याखालच्या खोलीतली, पांघरुणांच्या भिंतींची. आणि मग खणखणीत, ताजा, जरासा खट्याळ आवाज :

“पाठ ताठ, कान मोकळे. चला.”

जमिनीवर बसलेल्या सगळ्या मुलांच्या पाठी एका झटक्यात ताठ झाल्या. घाईच्या हातातला डबा तिरका झाला, तरी पाठ ताठच.

ताई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने पाटी ओढली. अक्षर ठसठशीत आले. ‘कोण ही तरणी बया? किती तोऱ्यात बोलतेय.’

“बाई, ताईंनी काय लिहिलं?” वकिलाने विचारले.

बाईंनी ताईच्याच तोऱ्यात ते वाचून दाखवले.

तज्ज्ञ इस्पितळात सामान बांधत होता, तेव्हा फोन गेला. “मिळालं?” तो म्हणाला. “किती आहे?”

“तुम्हाला किती हवंय?” बाई म्हणाल्या. इतक्या रुबाबात त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. “पाठवतेय. सामान जरा सोडा परत.”

यंत्र तयार होऊन हातात यायला काही आठवडे गेले. ते आले त्याच दिवशी ताईने इस्त्रीची साडी काढली. यंत्र पट्ट्याने गळ्यात अडकवून ती एकटीच पुढे झाली. बाई मुद्दाम चार पावले मागे राहिल्या.

वर्गात नेहमीचा गलका होता. ताई दारात थांबली, त्याच जागी. एकही मान वळली नाही. तिने बोटे कळांवर ठेवली.

“पाठ ताठ,” ताईचा आवाज म्हणाला. “कान मोकळे.”

गलका कापल्यासारखा थांबला. मग एकच कल्ला उडाला. बाके सरकली, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ‘ताई, ताई’ करत उठले आणि पुन्हा बसले, कारण पाठ ताठ ठेवायची होती.

“ताई, इतके दिवस कुठे होतात?” मुंगीने विचारले.

उत्तर आले नाही. वर्ग वाट बघत राहिला. शांतता लांबत गेली. मागच्या बाकावर याच आठवड्यात शाळेत आलेला एक मुलगा होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, “गेल्या वाटतं.”

“गप रे,” वकील म्हणाला. “टोपली रिकामी आहे, काम चालू आहे. कान मोकळे ठेव की.”

मग सगळ्यांनीच ऐकले. दाराच्या बाजूने, अगदी हलकी, खटखट येत होती. ताई टाइप करत होती. आणि अख्खा वर्ग पाठ ताठ करून तिच्या पुढच्या वाक्यासाठी थांबला होता.